मोठ्या माणसांना बोलतं इंग्रजी शिकवताना गाडी 'आय'पाशीच का अडते?

चव्हाटगल्लीकर

मंडळी, नमस्कार. बेळगावात एका वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेतो. पेशाने मी शिक्षक नाही, नोकरी सांभाळून हा उद्योग चालू आहे. येणारी मंडळी अशी: उद्यमबागेतल्या फौंड्रीतले सुपरवायझर, वडगावातलं यंत्रमागावर साड्या विणणारं एक जोडपं, नर्सिंग झालेली एक मुलगी, बेकरीच्या काउंटरवरचा एक पोरगा, आणि मुलांना इंग्रजी माध्यमात घालून आता पालकसभेला जायला बिचकणाऱ्या काही जणी. निम्म्यांच्या घरात मराठी, बाकीच्यांच्या घरात कन्नड नाहीतर उर्दू.

आता अडचण सांगतो. यांना शब्द येत नाहीत असं अजिबात नाही. फौंड्रीतला माणूस दिवसभर मोल्ड, कोर, फेटलिंग, ब्लोहोल, रिजेक्शन, डिस्पॅच हेच बोलत असतो. नर्सबाई बीपी, सलाईन, डिस्चार्ज. साडीवाल्यांकडे डिझाईन, ऑर्डर, पार्टी, पेमेंट. नामं सगळी इंग्रजीच आहेत. पण कोइमतूरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की, "सर... डिस्पॅच... टुमारो..." आणि पुढे नुसता घाम.

परवा एकाला म्हटलं, मनात जे आलं ते आधी मराठीत सांगा. ते म्हणाले, "उद्या दुपारी दोनशे नग लॉरीनं पाठवतो." आता बघा, 'पाठवतो' सगळ्यात शेवटी. इंग्रजीत तेच क्रियापद 'आय'च्या लगेच मागे लागतं. हा माणूस 'आय' म्हणून मोकळा होतो आणि मग वाक्याच्या शेपटीतून क्रियापद शोधून पुढे आणेपर्यंत समोरचा "हॅलो, हॅलो" करायला लागतो. कन्नडवाल्यांचंही तंतोतंत हेच, कारण क्रियापद तिकडेही शेवटीच.

म्हणून काळ-बिळ बाजूला ठेवून मी सध्या फक्त वाक्याची तोंडं देतोय. आय हॅव टू, आय वॉन्ट टू, कॅन यू, डू यू हॅव, वी विल सेंड. ही एका श्वासात तोंडातून निघाली पाहिजेत, मग पुढची नामं त्यांची त्यांच्याकडे आहेतच. काहींना जमतंय. काही मात्र अजून गप्पच बसतात. शिवाय चूक तिथल्या तिथे सुधारावी की वाहू द्यावं, हेही मला ठरवता येत नाही. वर्गात मराठी-कन्नड किती चालू द्यायचं, तेही सांगा. अनुभवी लोकांनी लिहावं.

लोंढा_जंक्शन

वाचतोय. माझ्या बायकोलाही पाठवायचंय, वर्ग कुठल्या गल्लीत आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निपाणीची_मास्तरीण

हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहे, तेव्हा थोडं कडू लिहिते. व्याकरण बाजूला ठेवलं की सुरुवातीला फार गोड वाटतं. पुढे "आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन", "आय ॲम नोइंग हिम", "आय हॅव कम यस्टरडे" ही वाक्यं जिभेवर कायमची बसतात आणि मग देवसुद्धा काढू शकत नाही. 'मी काल आलोय' हे आपल्याकडे बरोबर आहे, म्हणून 'हॅव कम यस्टरडे' कानाला खटकतच नाही. हे कुणीतरी समजावून सांगायलाच हवं. लहान मूल ऐकून ऐकून सुधारतं. चाळिशीतल्या माणसाला कारण सांगितलं तर ते पटतं आणि लक्षातही राहतं, हा मोठ्यांना शिकवण्यातला फायदा आहे. तो तुम्ही सोडून का देताय?

चव्हाटगल्लीकर

बाई, कडू चालेल. पण एक शंका. हीच मंडळी शाळेत व्याकरण शिकूनच आली आहेत. 'डू-डज-डिड'चे तक्ते पाठ असलेले लोक आहेत. तरी फोनवर बोलताना त्यातलं काहीच कामाला येत नाही, ते का?

निपाणीची_मास्तरीण

कारण त्यांनी ते लिहिण्यासाठी शिकलं. वहीत विचार करायला वेळ असतो, फोनवर नसतो. म्हणून तक्ता टाकून देऊ नका. आधी बोलू द्या, मग चुकलेली दोनच वाक्यं फळ्यावर घ्या आणि कारण सांगा. त्या दिवशी दोनच. सगळ्या चुका धरल्यात तर माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, हे मीही मान्य करते. आणि कुणाचं वाक्य आहे ते फळ्यावर लिहायचं नाही.

धारवाड_एमए

धागा रंगतोय म्हणून दोन गोष्टी भर घालतो. चव्हाटगल्लीकरांनी मराठी-कन्नडच्या साच्याबद्दल जे लिहिलंय, त्यावर भाषाशास्त्रात एक गाजलेला अभ्यास आहे आणि तो आपल्याच पट्ट्यातला आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी-शेजारी कशा बोलल्या जातात ते पाहिलं. १९७१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं की शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवत एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाता येतं. खडेबाजारातला कापडवाला एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी उर्दूत अडखळत नाही, त्यामागे हेही आहे. त्याला साचा बदलावा लागत नाही, शब्द बदलले की झालं. इंग्रजी ही त्याची पहिलीच भाषा, जिथे साचाही बदलतो. म्हणजे त्याला 'भाषा जमत नाहीत' असं म्हणणं सपशेल चूक.

दुसरं, बाईंच्या वादाबद्दल. इंग्रजी कशी शिकवावी याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासकडच्या शाळांत याचाच प्रयोग केला होता. व्याकरणाचा धडा नाही, मुलांना काम द्यायचं: रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, असं काहीतरी. त्यातून उत्तर काढताना भाषा वापरावीच लागते. ती शाळकरी मुलं होती, तुमच्याकडे बाप्ये आहेत, एवढा फरक धरून चालावं. पण एक कल्पना जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. दोघांपैकी एकाकडेच माहिती असली पाहिजे. दोघांच्याही हातात तोच कागद असेल तर कोण कशाला बोलेल?

लोंढा_जंक्शन

रेल्वेचं वेळापत्रक म्हटल्यावर मी आलोच. एकाला स्टेशनचा चौकशी खिडकीवाला करा, दुसऱ्याला राणी चन्नम्मा चुकलेला प्रवासी. बोलेल की नाही बघा!

खानापूर_ते_पणजी

आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी पोरं चोर्ला घाट उतरून गोव्यात हॉटेलात कामाला आहेत, मी त्यातलाच. माझं शिक्षण मराठी शाळेत. पहिल्या सीझनला मी पाहुण्यासमोर उभाच राहत नव्हतो, ट्रे ठेवून पळायचो.

भीती कशी गेली सांगतो. एक रशियन जोडपं आलं होतं. बाई म्हणाली, "टॉवेल. नो. टू. मोर." मी क्षणभर बघतच राहिलो. मनात म्हटलं, हिचं इंग्रजी माझ्यापेक्षा पुढं नाही! त्या दिवसापासून मी बिनधास्त. आपल्याला वाटतं समोर कायम लंडनचा साहेब असणार. प्रत्यक्षात बरेचदा समोरच्याचीही ती शिकलेलीच भाषा असते, आणि तोही आपल्यासारखाच चाचपडत असतो.

सर, वर्गात एक गोष्ट मात्र पक्की शिकवा. न समजल्यावर काय म्हणायचं. आमची पोरं न समजता "येस सर, येस सर" म्हणतात आणि मग तिसऱ्याच खोलीत जेवण जातं. "सॉरी, वन्स मोअर?" "यू मीन टू टॉवेल्स?" "स्लोली, प्लीज." एवढ्या तीन वाक्यांवर माझा अख्खा सीझन निघाला.

चव्हाटगल्लीकर

वा! हे माझ्या यादीत नव्हतंच. "यू मीन" तर सोन्यासारखं आहे. समोरच्याचंच वाक्य परत म्हणायचं, म्हणजे नवीन जुळवायचं काही नाही.

अनगोळची_ऑनलाईन_ताई

मी घरून परदेशातल्या प्रौढांना इंग्रजी संभाषण शिकवते. जपानी, ब्राझीलचे, सौदीचे. बेळगावातून जपानी माणसाला इंग्रजी शिकवते म्हटल्यावर लोक हसतात, पण काम व्यवस्थित चालतं. काही जण 'इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तोच शिक्षक हवा' म्हणून पहिल्याच मिनिटाला नाकारतात. उरलेल्यांना उलट बरं वाटतं, कारण कुठे अडतं ते मला माहीत असतं.

इथे लिहायचं कारण असं की जपानी माणसाचं क्रियापदही शेवटी येतं! चव्हाटगल्लीकरांचे फौंड्रीवाले आणि माझे ओसाकाचे इंजिनिअर एकाच जागी अडतात. वाक्याची तोंडं देण्याची युक्ती मीही वापरते, तिकडेही लागू पडते. 'अ' आणि 'द'चा घोळ मराठीत तसाच जपानीतही, कारण दोन्हीकडे ती भानगडच नाही. अरबीत 'प' नाही, म्हणून सौदीचे 'पार्किंग'ला 'बार्किंग' म्हणतात.

आणि आपण हसायचं कारण नाही, कारण आपला 'प' परदेशी कानाला 'ब' ऐकू येतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हे हवा सोडून म्हटले जातात, आपण हवा अजिबात सोडत नाही. तळहात तोंडापुढे धरा आणि 'पिन' म्हणा. हाताला फुंकर लागली नाही तर तिकडच्याला 'बिन' ऐकू जातं. मराठी माणसाला हे पाच मिनिटांत जमतं. ओठ मिटून 'फळ'मधला जुना 'फ' म्हणायचा, बस्स. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ला मात्र वेळ द्यावा लागतो, कारण आपण दोन्हींना एकच 'व' वापरतो.

गप्प बसणाऱ्यांसाठी एक प्रकार करून बघा. कीथ मॉरिस यांनी १९८३ साली मांडलेला आहे. जोड्या लावायच्या. एकाने एका विषयावर चार मिनिटं बोलायचं. मग जोडीदार बदलायचा, तीच गोष्ट तीन मिनिटांत. परत बदलायचा, दोन मिनिटांत. ऐकणारा दरवेळी नवा असल्यामुळे तेच सांगताना लाज वाटत नाही, आणि तिसऱ्या वेळेला वाक्यं आपोआप सुटसुटीत होतात. अगदी नवख्यांना चार मिनिटं जड जातील, त्यांना दोन, दीड, एक असं द्या. विषय ज्याचा त्याच्या कामातलाच हवा. 'माझा आवडता सण' नको, तो निबंध पाठच असतो.

सोलापूरकर_पुण्यात

ताई, हे ऑनलाईन शिकवायला कुठलं सर्टिफिकेट लागतं का? की असंच?

अनगोळची_ऑनलाईन_ताई

साध्या गप्पांच्या वर्गाला बऱ्याच ठिकाणी अडवत नाहीत. नीट संस्थांत जायचं असेल तर केंब्रिजचं सेल्टा ओळखलं जातं. सुमारे १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं आणि मागे बसून तुमच्या चुका कुणीतरी टिपत असतं. महाग आहे. 'घरबसल्या दोन दिवसांत आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' असल्या जाहिरातींना पैसे देऊ नका, त्यात कुणासमोर शिकवावंच लागत नाही.

सिस्टर_चिकोडी

मी परदेशी नर्सिंगच्या जागेसाठी तयारी करते आहे. एका क्लासला फी भरली, तिथं उत्तरं पाठ करून घेतली. सराव परीक्षेत समोरच्या बाईंनी पाठ केलेल्या उत्तराबाहेरचा एक प्रश्न टाकला आणि मी थिजले.

आमच्यासाठी ओईटी म्हणून वेगळी परीक्षा आहे. बोलण्याच्या भागात आपल्या पेशातले दोन प्रसंग देतात. कार्ड वाचून तयारीला तीन मिनिटं, मग साधारण पाच मिनिटं संभाषण. मी नर्स, समोरचा रुग्ण नाहीतर नातेवाईक. आयईएलटीएसला बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते, तिथं विषय कुठलाही येतो.

कार्डावर लिहिलेलं असतं की रुग्ण घाबरलेला आहे, इंजेक्शन नको म्हणतोय. इथं माझी औषधांची नावं काही कामाची नव्हती, ती सगळी येत होती. घाबरलेल्या माणसाशी इंग्रजीत मऊ कसं बोलायचं ते येत नव्हतं. वॉर्डात मी म्हाताऱ्यांना "काय नाही होत आजी, डोळे मिटा बघू" असं म्हणते. इंग्रजीत मी नुसतं "डोन्ट वरी, डोन्ट मूव्ह" म्हणत होते, म्हणजे हुकूमच. आता "आय कॅन सी यू आर वरीड", "वुड यू लाईक मी टू एक्सप्लेन?" अशी तोंडं तयार ठेवते. सर, तुमच्या वर्गातल्या मुलीला हे सांगा.

मुंडगोडमार्गे

मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत काही काळ भिक्षूंना इंग्रजी बोलायला शिकवायला जात होतो. गांदेन आणि द्रेपुंग हे दोन मोठे मठ तिथं आहेत. त्यांची तिबेटीही क्रियापद शेवटी टाकणारी, तेव्हा या धाग्यात तीही जमा करा.

त्यांना मी 'आपली ओळख करून द्या' छापाचे धडे द्यायला गेलो, तर सगळे जांभया देत होते. पण त्यांच्याकडे वादविवादाची परंपरा आहे. प्रश्न विचारणारा उभा राहून, पुढे झेपावत टाळी वाजवतो, उत्तर देणारा बसलेला असतो. मग मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, "मोबाईल इज गुड फॉर अ मंक," आणि म्हटलं, टाळी वाजवा. तासभर कुणी खाली बसेना. "व्हाय? हू सेड? इफ मोबाईल इज गुड, व्हाय यू हाइड?" काळ चुकत होते, पण प्रश्न थांबत नव्हता.

सांगायचा मुद्दा असा की मोठ्या माणसाला बोलायची सवय कुठे आहे ते शोधा. तुमच्या साडीवाल्यांना घासाघीस द्या. बेळगावात इंग्रजीत घासाघीस करायची वेळ येत नसेल, पण बोलायला लागतील.

गणपतगल्ली_९

सगळं ठीक, पण आधी दुकानांवरच्या पाट्या कुठल्या भाषेत...

संपादक मंडळ

पाट्यांचा विषय त्याच्या धाग्यावर. इथले त्यावरचे पाच प्रतिसाद हलवले आहेत.

उद्यमबाग_दुसरी_पाळी

सर, मी तुमच्याच वर्गातला की. ओळखला असणार. एवढे दिवस नुसता वाचत होतो.

तुम्ही तीनदा सांगायला लावलं बघा, त्या दिवशी मी ब्लोहोलचीच गोष्ट घेतली. कास्टिंगात हवा अडकली, माल परत आला. पहिल्यांदा वडगावच्या वहिनींना सांगितली. त्यांना फौंड्रीतलं काय कळणार? त्या विचारायल्या, "व्हॉट इज ब्लोहोल?" मला हातानं करून दाखवायला लागलं. दुसऱ्यांदा बेकरीवाल्याला सांगितली, तर तो म्हणाला, "सेम इन ब्रेड!" तिसऱ्यांदा नर्सताईंना सांगितली तवा माझं मलाच नवल वाटलं, मी मधे थांबलोच नाही. "वी फाऊंड ब्लोहोल्स. वी हॅव टू मेक इट अगेन. वी विल सेंड ऑन मंडे."

काल खरा फोन आला. पहिली दोन वाक्यं तीच टाकली. मग त्यांनी काहीतरी भराभर विचारलं, मी म्हटलं "सॉरी, वन्स मोअर?" त्यांनी हळू विचारलं. रेट कमी करा म्हणत होते. त्याला मी साहेबांकडं दिला, ते माझं काम नव्हे!

वर्गात कन्नड-मराठी बंद करू नका पण. काय चुकलं ते आमच्या भाषेत सांगितलं की लगेच डोक्यात शिरतंय.

निपाणीची_मास्तरीण

छान. 'मेक इट' नव्हे, 'मेक देम'. पण फोन झाल्यावर सांगतेय, मधे नाही.

उद्यमबाग_दुसरी_पाळी

मेक देम. लिहून घेतलं, बाई.

धारवाड_एमए

मराठी-कन्नड किती, या प्रश्नाचं उत्तर यांनीच दिलं. सूचना आणि कारणं आपल्या भाषेत, काम इंग्रजीत. 'वर्गात मराठी बोलाल तर दंड' असल्या पाट्यांनी मोठी माणसं फक्त गप्प होतात.

चव्हाटगल्लीकर

सगळ्यांचे आभार. पुढच्या आठवड्यापासून असं ठरवलंय: दर वेळी दोन वाक्यांची तोंडं, तीनदा सांगायची गोष्ट, आणि शेवटी बाईंच्या पद्धतीने फळ्यावर दोनच चुका, नाव न लिहिता. नर्सताईंना सिस्टर_चिकोडींचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोघींनी फोनवर रुग्ण-नर्स खेळायचं ठरवलंय. ताई, फुंकरीचा प्रयोग केला, सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडापुढे हात धरून गोंधळ घातला. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' अजून घेतलेलं नाही.

पालकसभेचं मात्र अडलंय. त्या बायकांना शिक्षिकेशी बोलायचं नसतं असं नाही, पण शेजारच्या खुर्चीवरचे दुसरे पालक ऐकतात याची लाज वाटते. त्याला कुणाकडे काही तोड असेल तर लिहा.

अनगोळची_ऑनलाईन_ताई

पहिला प्रश्न घरून ठरवून न्यायला सांगा, आणि तो मुलाबद्दलचाच असू दे. "हाऊ इज ही इन मॅथ्स?" प्रश्न विचारला की बोलायची पाळी शिक्षिकेवर जाते. यांना नुसतं ऐकायचं, आणि मधून "यू मीन" टाकायचं.

वडगाव_साडी

सर, आम्ही दोघं सातला येतो ते आता लग्नसराईत जमणार नाही, रात्री उशिरापर्यंत माग चालू असतात. रविवारी सकाळी ठेवता येईल का? आणि घासाघीस खरंच घ्या, मला पार्टीला "लास्ट प्राईस" म्हणायचंय.

चव्हाटगल्लीकर

वहिनी, रविवारी वाचनालय दहाला उघडतं. आधी हवं असेल तर किल्ली मागून घेतो. फौंड्रीवाल्यांनी आपापली पाळी इथेच कळवा, म्हणजे वेळ पक्की करतो.